गरम झाला की तुटतो, गार झाला की जुळतो: व्हायाच्या आतलं तांबं

सहाथर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे एका बिघाडाच्या मागे होतो, परवा तो सापडला. जिथे आपण सहसा बघतही नाही अशा जागी सापडला, म्हणून सविस्तर लिहितोय.

मोटर चालवणारा चार लेयरचा (तांब्याच्या चार थरांचा) सर्किट बोर्ड, डिझाइन माझंच. चालू केला की पंधरा-वीस मिनिटं उत्तम चालायचा, मग एन्कोडरचे (मोटर किती फिरली ते सांगणाऱ्या सेन्सरचे) आकडे यायचे बंद. गार होऊ दिला की पुन्हा ठणठणीत. अशा लक्षणांवर पहिला संशय ड्राय सोल्डरचा (नीट न धरलेल्या डागाचा), तसा मलाही आला. कनेक्टरचे सगळे डाग नव्याने लावले, रिसीव्हर आयसी बदलला, रेग्युलेटर बदलला. काही फरक नाही. शेवटी बोर्ड गरम असताना, आकडे थांबलेले असताना, फ्रीझ स्प्रेच्या बारीक नळीने एकेक भाग गार करत गेलो. आयसीवर मारला, कनेक्टरवर मारला, ढिम्म. मग फवारा एका रिकाम्या कोपऱ्यावर गेला आणि आकडे धडाधड सुरू झाले. त्या जागी एकही पार्ट नव्हता. होते फक्त पाच व्हाया, म्हणजे एका लेयरचा सिग्नल दुसऱ्या लेयरवर नेणारी, आतून तांबं चढवलेली भोकं.

पाचही व्हायांवरचा सोल्डर मास्क (बोर्डावरचा रंगीत संरक्षक थर) दोन्ही बाजूंनी ब्लेडने खरवडला. मल्टिमीटरच्या बजरवर पाचही 'पास'. बजर अशा ठिकाणी उपयोगाचा नाही, कारण तो काही ओहमपर्यंत खुशाल वाजतो. म्हणून बेंच सप्लायची करंट लिमिट १ अँपिअरवर लावून प्रत्येक व्हायातून करंट सोडला आणि वेगळ्या दोन पिनांनी त्याच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजले. चार व्हायांवर साडेतीन ते चार मिलिव्होल्ट आले. पाचव्यावर अकरा, तेही गार असताना. हॉट एअरने जरा गरम केला आणि सर्किट सरळ ओपन.

कॅडच्या पडद्यावर व्हाया म्हणजे एक ठिपका. प्रत्यक्षात ती तांब्याची नळी असते आणि तिची भिंत साधारण २० ते २५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा तिसरा हिस्सा. ०.३ मिमी ड्रिल आणि २५ मायक्रॉन भिंत धरली तर नळीतल्या तांब्याचा छेद साधारण ०.०२२ चौरस मिमी येतो. ३५ मायक्रॉनच्या नेहमीच्या कॉपरवर हा जेमतेम ०.६ मिमी रुंद ट्रॅक झाला. नेहमीच्या १.६ मिमी बोर्डात अशा व्हायाचा रेझिस्टन्स सुमारे १.३ मिलिओहम. चांगल्या आणि तडकलेल्या व्हायात फरक काही मिलिओहमचाच, त्यामुळे तो नेहमीच्या मीटरला दिसत नाही.

तडा का गेला, ते माझ्या मते असं आहे. एफआर-४ (बोर्डाचं नेहमीचं काच-रेझिनचं मटेरियल) मधलं काचेचं कापड लांबी-रुंदीच्या दिशेने विणलेलं असतं, त्या दोन दिशांना ते रेझिनला घट्ट धरून ठेवतं. जाडीच्या दिशेने रेझिनला धरायला कोणी नाही. तांबं दर अंशाला दशलक्षात १७ भाग फुगतं, बोर्ड जाडीच्या दिशेने साधारण ५० ते ७०. आणि रेझिनचं टीजी (ज्या तापमानाला ते मऊ पडू लागतं) ओलांडलं की हाच आकडा २०० ते ३०० वर जातो.

माझा बोर्ड २.४ मिमी जाड आहे, टीजी १४० च्या आसपास. रिफ्लोमध्ये (सोल्डर वितळवून पार्ट जोडणाऱ्या भट्टीत) २५० अंशांपर्यंत गेला तर हिशोब असा: १४० पर्यंत साधारण १७ मायक्रॉन वाढ, पुढच्या ११० अंशांत आणखी ६५ च्या वर. एकूण ८० मायक्रॉनच्या पुढे. तेवढ्याच उंचीच्या तांब्याच्या नळीला स्वतःहून वाढायचं असतं फक्त ९ मायक्रॉन. उरलेला ताण नळीने सोसायचा. आमच्या बोर्डाचं दोन्ही बाजूंचं असेंब्ली, म्हणजे दोन रिफ्लो, वर एकदा दुरुस्तीसाठी हॉट एअर. तीन वेळा ती नळी ताणली गेली.

इथे कोणी घरच्या घरी व्हायाचा उभा छेद घेऊन पाहिलाय का? तडा डोळ्यांनी बघायचा आहे.

डागणी

सहाथर, फार उपयोगी धागा. व्हायाचं ड्रिल किती होतं? २.४ मिमी जाडी वाचूनच शंका आली.

सहाथर

०.२ मिमी.

डागणी

मग १२ ला १ झालं की हो. जाडी भागिले भोक. साधारण ८ ला १ निवांत जमतं, १० ला १ पर्यंत चांगले फॅब (बोर्ड बनवणारे कारखाने) बिनतक्रार करतात, त्यापुढे आधी विचारून घ्यावं लागतं. जाडी २.४ का घेतली होती?

सहाथर

बोर्डावर जड हीटसिंक बसतो, वाकू नये म्हणून जाडी वाढवली. व्हायाचा आकार मात्र आधीच्या १.६ च्या बोर्डावरून तसाच उचलला. तिथे ८ ला १ होतं, सगळं ठीक चाललं होतं. जाडी बदलताना हे गुणोत्तर बदलतंय, हे माझ्या लक्षात आलं नाही. फॅबनेही हरकत घेतली नाही, पण डिझाइन माझं, तेव्हा हे मी बघायला हवं होतं.

ताम्रपात्र

मी काही वर्षं प्लेटिंग लाइनवर काम केलंय, म्हणून भोकाच्या आत काय घडतं ते लिहिते. डिझाइन करणाऱ्यांना हा भाग सहसा दिसत नाही.

ड्रिल झालं की भोकाची भिंत म्हणजे काच आणि रेझिन. त्यावर करंट वाहत नाही, मग इलेक्ट्रोप्लेटिंग होणार कसं? शिवाय ड्रिल बिट लाखभर आरपीएमने फिरताना तापतो, रेझिन वितळून आतल्या लेयरच्या तांब्याच्या कडेवर सारवलं जातं. हा स्मिअर काढला नाही तर नळी आणि आतला लेयर यांच्यात रेझिनचा पापुद्रा राहतो. म्हणून आधी परमँगनेटच्या गरम बाथमध्ये भिंत साफ करायची. मग पॅलॅडियमचे अतिसूक्ष्म कण भिंतीवर चिकटवायचे. त्या कणांच्या आधाराने, विजेशिवाय, नुसत्या रासायनिक क्रियेने तांब्याचा पातळ थर बसतो. अर्धा-एक मायक्रॉन, बस्स. आता भिंत वाहक झाली. पुढे कॉपर सल्फेटच्या बाथमध्ये करंट लावून जाडी वाढवायची. चौरस डेसिमीटरला २ अँपिअर करंट असेल तर मिनिटाला साधारण ०.४४ मायक्रॉन चढतं, म्हणजे २५ मायक्रॉनसाठी जवळजवळ तास.

त्या पहिल्या पातळ थराची तपासणी मला फार आवडायची. बोर्डाच्या तुकड्यातली भोकांची ओळ मधोमध कापायची, मागून उजेड टाकायचा आणि समोरून मायक्रोस्कोपमधून भिंत बघायची. तांबं नीट बसलं असेल तर सगळा काळोख. जिथे सुटलं असेल तिथे चांदण्यांसारखे ठिपके. चांदण्या दिसल्या की लाइन थांबवायची. तो ठिपका पुढे प्लेटिंगनेही नीट भरत नाही, तिथे पोकळी राहते.

आता तुमच्या १२ ला १ बद्दल. प्लेटिंग करताना करंट भोकाच्या तोंडाशी जास्त जमा होतो आणि बारीक, खोल भोकात ताजं द्रावण पोचायलाही वेळ लागतो. म्हणून तांबं तोंडाशी जाड आणि मध्ये पातळ चढतं. उपाय आहेत: करंट कमी करून वेळ वाढवणं, बोर्ड हलवत ठेवणं, बाथमध्ये लेव्हलर (तांबं सारखं चढवणारं रसायन), मधूनमधून करंट उलटा करणं. पण भोक जितकं खोल आणि अरुंद, तितकं हे सगळं अवघड. तुमचा तडा मध्यावरच सापडेल, बघा.

नवी_वायर

मी नवीन आहे, चुकत असेन तर सांगा. व्हायात सोल्डर भरून टाकलं तर तो मजबूत होणार नाही का? आमच्याकडचे सीनियर तसंच करायला सांगतात.

डागणी

करंटच्या दृष्टीने थोडा फायदा आहे. सोल्डरचा रेझिस्टन्स तांब्याच्या साधारण आठपट, त्यामुळे ०.३ च्या व्हायाचं आतलं भोक काठोकाठ भरलं तरी वाहकता साधारण पाव हिश्शाने वाढते. जाडीच्या दिशेच्या ताणाला मात्र त्याचा भरवसा धरू नका. रिफ्लोमध्ये जेव्हा सर्वात जास्त ताण असतो, नेमकं तेव्हाच सोल्डर वितळलेलं असतं. लेड-फ्री सोल्डर २१७ अंशांना वितळतं, पीक २४५-२५० ला. त्या वेळी सगळा भार पुन्हा त्या पातळ नळीवरच.

तुटलेला व्हाया दुरुस्त करायचा असेल तर भोकातून बारीक तार ओवून दोन्ही टोकांना डाग लावा. फक्त तो व्हाया आतल्या लेयरला जोडलेला नाही ना, हे आधी लेआउटमध्ये बघा. जोडलेला असेल तर तारेने वरचं-खालचं जुळेल, मधलं तुटलेलंच राहील.

नवी_वायर

धन्यवाद! अजून एक. घरी एचिंग करून डबल साइड बोर्ड बनवतो तेव्हा प्लेटिंग नसतंच. तिथेही तारच का?

डागणी

तारच उत्तम. काहीजण पितळी किंवा तांब्याचे पोकळ रिव्हेट ठोकतात. त्यात एक खोच आहे, नुसतं दाबून बसवलेलं रिव्हेट काही दिवसांनी ढिलं होतं. प्लेटिंग रुळण्याआधीच्या जुन्या उपकरणांत असे रिव्हेट सापडतात आणि त्यांची तक्रारही या धाग्यातलीच असते: गरम झालं की जोड सुटतो. दोन्ही बाजूंनी डाग लावला की बरंच टिकतं. आयसी सॉकेटच्या खाली मात्र जोड ठेवू नका, वरच्या बाजूला डाग लावायला जागाच मिळत नाही.

तीव्रवेग

सहाथर यांचा सिग्नल एन्कोडरचा, म्हणून त्यांना तुटणं एवढीच काळजी. वेगवान सिग्नलमध्ये धड व्हायाही त्रास देतो. १.६ मिमी व्हायाचं इंडक्टन्स साधारण १.३ नॅनोहेन्री, १ गिगाहर्ट्झला ते ८ ओहम झाले. डीकपलिंग कपॅसिटरपासून (आयसीचा सप्लाय स्थिर ठेवणाऱ्या) लांब ट्रॅक काढून मग व्हाया टाकणारे लेआउट बघितले की वाईट वाटतं. पॅडला लागून व्हाया द्या, शक्य असेल तर दोन.

दुसरं, उरलेली शेपटी. ३ मिमी बोर्डात सिग्नल वरच्या लेयरवरून तिसऱ्या लेयरवर उतरला तर खाली अडीच मिमी नळी नुसती लोंबत राहते. तिची लांबी पाव तरंगलांबीइतकी झाली की त्या वारंवारतेला सिग्नल गिळला जातो. डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ४ धरून हिशोब १५ गिगाहर्ट्झ येतो, प्रत्यक्षात पॅडच्या कपॅसिटन्समुळे आणखी खाली. त्यासाठी मागच्या बाजूने मोठ्या बिटने ती शेपटी कोरून काढतात, बॅकड्रिल.

आणि सिग्नल व्हायाच्या शेजारी ग्राउंड व्हाया. सिग्नल एका ग्राउंड प्लेनवरून (ग्राउंडच्या सलग तांब्याच्या थरावरून) दुसऱ्यावर गेला तर परतीच्या करंटलाही जिना लागतो. तो शेजारी दिला नाही तर करंट लांबचा वळसा घेतो आणि ईएमआय टेस्टमध्ये (बोर्डातून बाहेर पडणाऱ्या विद्युतचुंबकीय गोंगाटाच्या चाचणीत) दिसतो.

उष्मांक

उष्णतेचा हिशोब मी केला होता. ०.३ मिमीचा, २५ मायक्रॉन भिंतीचा एक व्हाया १.६ मिमी बोर्डातून उष्णता नेताना साधारण १९० अंश प्रति वॉट. ५ मिमी बाय ५ मिमी एफआर-४ चा अख्खा तुकडा, जाडी तीच: २१० च्या आसपास. म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्शाच्या भिंतीची एक नळी त्या पूर्ण चौकोनापेक्षा जरा जास्तच उष्णता खाली नेते. आयसीच्या पोटाखाली असे नऊ टाकले की २१ अंश प्रति वॉट. पहिल्यांदा हा आकडा आला तेव्हा मी गणित दोनदा तपासलं.

फक्त पॅडमधले व्हाया उघडे ठेवले तर रिफ्लोमध्ये सोल्डर त्यातून खाली ओघळतं आणि आयसीच्या खाली पोकळी राहते. एकतर रेझिनने भरून वर तांब्याची टोपी चढवून घ्या, नाहीतर स्टेन्सिलमधल्या सोल्डर पेस्टच्या खिडक्या व्हाया टाळून कापा.

ताम्रपात्र

+१. भरून टोपी चढवण्याचं काम फॅबला आधी लेखी सांगा. गर्बरमध्ये (फॅबला पाठवायच्या डिझाइन फाइलींत) ते आपोआप कळत नाही.

सहाथर

छेद घेतला. कसा, ते लिहितो, कुणाला करायचं असेल तर.

त्या कोपऱ्याचा तुकडा बारीक करवतीने, व्हायापासून ३-४ मिमी लांबून कापला. प्लास्टिकच्या झाकणात उभा ठेवून पारदर्शक इपॉक्सी ओतलं, रात्रभर सुकू दिलं. मग पाण्याखाली सँडपेपर: २४० नंबरने व्हायाच्या जवळ पोचलो, पुढे ४००, ६००, १२००. दर पेपरला तुकडा काटकोनात फिरवून घासायचा, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते कळतं. भोक रुंदीच्या बरोबर मध्यावर आलं की थांबायचं. अलीकडे-पलीकडे थांबलं तर भिंत आहे त्यापेक्षा जाड दिसते. शेवटी ॲल्युमिनाच्या लेपाने पॉलिश आणि अमोनिया व हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणाचा क्षणभर हात, म्हणजे तांब्याच्या थरांच्या सीमा उठून दिसतात. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे आणि चष्मा घाला.

मायक्रोस्कोपखाली तोंडाशी भिंत २७ मायक्रॉन. आत जाऊ तशी निमुळती. मध्यावर ११. आणि तिथेच, मधल्या लेयरपासून थोडं खाली, आडवी काळी रेघ. एका बाजूला भिंत पूर्ण तुटलेली, दुसऱ्या बाजूला तडा अर्ध्यावर. ताम्रपात्र ताई, तुम्ही म्हणालात तिथेच.

गार असताना तुटलेल्या कडा एकमेकींना टेकलेल्या असणार. बोर्ड २५ वरून ७५ ला गेला की रेझिन ७ मायक्रॉन वाढतं, तांबं २. फरक ५ मायक्रॉनचा. माझा एन्कोडर तेवढ्या फटीत अडकला होता.

ताम्रपात्र

सुंदर काम केलंत. आयपीसी-६०१२ या बोर्डांच्या मानकात क्लास २ ला सरासरी २० मायक्रॉन आणि कुठेही १८ पेक्षा कमी नको, क्लास ३ ला सरासरी २५ आणि किमान २०. मध्यावर ११ म्हणजे दोन्हीत नापास. पुढच्या वेळी बोर्डासोबत कूपन मागवा. फॅब त्याच पॅनेलच्या कडेला तीच भोकं असलेली पट्टी ठेवतो. ती २८८ अंशांच्या वितळलेल्या सोल्डरवर १० सेकंद तरंगवून मग छेद घेतात. तुमचा आख्खा बोर्ड कापायची वेळ येत नाही.

तीव्रवेग

मायक्रोव्हाया वापरणाऱ्यांनी हे वाचाच. लेझरने पाडलेला, खोली पाव मिमीच्या आत, खोलीपेक्षा रुंदी कमी नाही, म्हणून इतके दिवस तो सुरक्षित समजला जायचा. पण एकावर एक रचलेले मायक्रोव्हाया रिफ्लोच्या तापमानाला तळाशी, पॅडच्या सांध्यावर सुटतात आणि गार झाल्यावर पुन्हा टेकतात. फॅबची टेस्ट पास, असेंब्लीनंतरची टेस्टही पास. आयपीसीने २०१९ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. जागा असेल तर रचू नका, बाजूबाजूला पायऱ्यांसारखे सरकवा.

नवी_वायर

सहाथर दादा, एक शंका. गरम केल्यावर तांब्याचा रेझिस्टन्स तसाही वाढतोच ना? मग मोजताना तडा आहे की नुसतं तापमान, हे कसं ओळखायचं?

सहाथर

अगदी बरोबर शंका. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. ५० अंश वाढले की धडधाकट व्हायाही २० टक्के जास्त दाखवणार. म्हणून शेजारचा चांगला व्हाया त्याच तापमानाला मोजायचा आणि दोघांचं गुणोत्तर बघायचं. किंवा गार-गरम फेऱ्या देऊन दर वेळी त्याच तापमानाला परत आल्यावर मोजायचं. १० टक्के वाढ म्हणजे व्हाया गेला, अशी मर्यादा चाचण्यांत सर्रास धरतात.

नवीन बोर्ड काल आले. जाडी २.४ च, कारण हीटसिंक तोच आहे. ड्रिल ०.३५ केलं, म्हणजे ७ ला १ च्याही आत. रेझिन टीजी १७० चं. एन्कोडरच्या प्रत्येक सिग्नलला दोन-दोन व्हाया.

डागणी

दोन व्हायांनी वेळ मिळेल, पण एकाच पॅनेलमध्ये, एकाच बाथमध्ये झालेले दोन्ही एकाच जातीचे असतात. एक गेला तर दुसरा फार मागे नसतो. माझा भरवसा तुमच्या ०.३५ वर जास्त आहे.

सहाथर

पटलं. कूपनही मागवलं होतं, आज छेद घेतला: तोंडाशी २८, मध्यावर २४. मधला तो अरुंद भाग शोधायला दोनदा फोकस करावा लागला. आता एक बोर्ड ओव्हन आणि फ्रीझरमध्ये आलटून-पालटून ठेवतोय, दर दहा फेऱ्यांनी तेच पाच व्हाया मोजतोय. ४० फेऱ्या झाल्या, पाचही जागच्या जागी. १०० झाल्या की आकडे इथेच टाकतो.